जर्मन शिकताना कामी आली ती मराठी

चाकणच्या कारखान्यांत जर्मन भाषा माणसांच्या आधी यंत्रांवरून येते. नव्या ग्राइंडिंग मशीनची लाकडी पेटी उघडली की हायड्रॉलिकच्या टाकीवर, पॅनेलच्या आतल्या पट्ट्यांवर, वंगणाच्या तक्त्यावर तीच दिसते. इंग्रजी पुस्तिका सोबत असते, पण अडचणीच्या वेळी नेमकं हवं ते पान तीत अपुरं निघतं. आमच्या पिंपरी-चाकण पट्ट्याचं जर्मनीशी असलेलं हे नातं काल-परवाचं नाही. पिंपरीत केएसबीचे पंप कित्येक दशकं बनत आले आहेत. आकुर्डीची बजाज टेम्पो हॅम्बुर्गच्या टेम्पो कंपनीच्या सहकार्यातून उभी राहिली. मर्सिडीजच्या गाड्या 1995 पासून आधी टेल्कोच्या आवारात आणि 2009 पासून चाकणला जोडल्या जाऊ लागल्या, आणि फोक्सवॅगनचा चाकणचा कारखानाही 2009 चाच. या मोठ्या नावांना सुटे भाग पुरवणारे शेकडो लहान-मध्यम कारखाने महाळुंगे, निघोजे, कुरुळी, खराबवाडी या गावांच्या जमिनींवर पसरले आहेत. त्यांतल्या एकात मी गुणवत्ता विभागात काम करतो.

मी जुन्नर तालुक्यातला. दहावीपर्यंत मराठी माध्यम, नंतर मेकॅनिकलचा डिप्लोमा. राहतो पुनावळ्यात. हे गाव 1997 मध्ये पिंपरी-चिंचवड महापालिकेत आलं, पण बराच काळ ते गावच होतं. आता काटे वस्ती, कोयते वस्तीच्या आजूबाजूला वीस-बावीस मजल्यांचे मनोरे आहेत, मध्येच एखादा उसाचा किंवा मक्याचा तुकडा शिल्लक आहे, आणि महामार्गाखालच्या बोगद्यापाशी सकाळ-संध्याकाळ गाड्या एकमेकींना चिकटून उभ्या असतात. मनोऱ्यांत हिंजवडीची आयटीची माणसं राहतात. जुन्या घरांच्या वाढवलेल्या खोल्यांत लातूर, बीड, जळगाव, वाशीमहून आलेली, कंपनीच्या बसची वाट पाहणारी मुलं राहतात. माझी बस रावेतहून भक्ती-शक्ती चौक, तळवडेमार्गे चाकणला जाते. या बसमध्ये मी जर्मनचे बहुतेक शब्द पाठ केले.

जर्मन शिकावी असं वाटण्याचं कारण साधं होतं. आमच्याकडे येणाऱ्या ड्रॉइंगच्या कोपऱ्यातल्या चौकटीत धातूचं नाव, पृष्ठभागाची प्रत, उष्णतोपचाराची सूचना जर्मनमध्ये असायची. जर्मन गाड्यांच्या पुरवठादारांना व्हीडीए 6.3 या पद्धतीने प्रक्रियेचं ऑडिट द्यावं लागतं. त्याचे प्रश्न इंग्रजीत मिळतात, पण जर्मनीहून आलेला ऑडिटर आपल्या सहकाऱ्याशी बोलतो ते जर्मनमध्येच. गेज हातात घेऊन मी शेजारी उभा असायचो. भाग मी तपासलेला, नोंदी माझ्या, आणि त्यावरची चर्चा मात्र मला कळत नव्हती. ते मला सहन होईना.

कंपनीत ज्यांना विचारलं त्यांनी एकच सल्ला दिला: आधी इंग्रजी पक्कं कर, मग जर्मनकडे वळ. हा सल्ला देणारे माझ्या भल्याचंच पाहत होते. पण तो सल्ला चुकीचा आहे असं माझं आज ठाम मत आहे, आणि हा लेख त्यासाठीच लिहितो आहे. मराठी माध्यमातून आलेल्या मुलाला जर्मन शिकायला इंग्रजीचं दार ओलांडावं लागत नाही. जर्मनकडे जाणारा त्याचा रस्ता मराठीतून सरळ जातो, आणि तो जास्त जवळचा आहे.

पुणे विद्यापीठाच्या नावाआधी सावित्रीबाई फुल्यांचं नाव नुकतंच आलं होतं, त्या सुमारास मी प्रमाणपत्र वर्गाला प्रवेश घेतला. विद्यापीठाचा परकीय भाषा विभाग गणेशखिंडीतल्या मोठ्या आवारात नाही. तो फर्ग्युसन रस्त्यावरच्या रानडे इन्स्टिट्यूटच्या दगडी इमारतीत आहे. तिथे प्रमाणपत्र, पदविका, उच्च पदविका अशा पायऱ्या आहेत. मी संध्याकाळच्या तुकडीत होतो. पहिली शिफ्ट संपवून निगडीपर्यंत कंपनीची बस, तिथून पुढे पीएमपी. मेट्रो तेव्हा कागदावर होती. दुसरी शिफ्ट लागली की सहकाऱ्याशी अदलाबदल करायची आणि त्याच्या रविवारच्या ओव्हरटाइमला आपण उभं राहायचं, असा हिशेब वर्षभर चालला. ज्यांनी शिफ्ट बदलून दिल्या त्यांच्यामुळे माझं हे शिक्षण झालं.

वर्गात फर्ग्युसन आणि बीएमसीसीची मुलं होती, आयटीतले काही जण होते, नवऱ्याकडे म्युनिकला जायचं म्हणून ए-वन या पहिल्या पातळीची परीक्षा देणारी एक नवविवाहिता होती आणि वाग्नरचं संगीत मुळातून समजावं म्हणून येणारे एक निवृत्त बँक अधिकारी होते. एकमेकांशी बहुतेक जण इंग्रजीत बोलत. मी शेवटच्या बाकावर बसायचो.

या शहरात जर्मन आणि व्याकरण यांची गाठ किती जुनी आहे, हे मला त्या इमारतीत जाऊ लागल्यावर कळलं. जर्मन पंडित मार्टिन हाउग 1859 मध्ये पुण्यात संस्कृत शिकवायला आले. त्यांच्यानंतर 1866 ते 1881 फ्रान्झ कीलहॉर्न डेक्कन कॉलेजात होते. नागेशभट्टाचा परिभाषेन्दुशेखर त्यांनी पुण्याच्या शास्त्र्यांजवळ बसून समजून घेतला आणि इंग्रजीत आणला, पतंजलीच्या महाभाष्याची चिकित्सक आवृत्ती काढली, आणि मग गटिंगनला जाऊन तिथे संस्कृत शिकवलं. उलट दिशेनेही जाणं झालं. लोकमान्य टिळकांनी मंडालेच्या तुरुंगात स्वतःच्या बळावर जर्मनचा अभ्यास केला, तोही पन्नाशी उलटल्यावर. ते 1914 च्या जूनमध्ये सुटून पुण्यात आले, आणि पुण्यात जर्मन शिकवायला रीतसर सुरुवात झाली तीही 1914 मध्येच. इरावती कर्वे 1920 च्या दशकाच्या अखेरीस बर्लिनला जाऊन जर्मन प्राध्यापकांच्या हाताखाली मानववंशशास्त्रात डॉक्टरेट करून आल्या. टिळक इंग्रजी पुस्तकांवरून जर्मन शिकले असतील, हे मी नाकारत नाही. पण त्यांच्या पाठीशी संस्कृत आणि मराठी व्याकरणाची बैठक होती, आणि जर्मनची विभक्ती ज्याला पहिल्या दिवशी परकी वाटत नाही तो विद्यार्थी असाच असतो.

आता वर्गात काय झालं ते सांगतो.

पहिल्या काही आठवड्यांत सगळ्यांना जो धक्का बसतो तो लिंगाचा. जर्मनमध्ये प्रत्येक नामाला पुल्लिंग, स्त्रीलिंग किंवा नपुंसकलिंग असतं, आणि त्यानुसार आधी डेर, डी किंवा डास लागतं. टेबल पुल्लिंगी, दिवा स्त्रीलिंगी, खिडकी नपुंसकलिंगी. इंग्रजीतून विचार करणाऱ्या मुलांना हा छळ वाटत होता. निर्जीव वस्तूला लिंग कशाला, असा प्रश्न वर्गात आला. मला तो प्रश्न पडला नाही. तो दिवा, ती खिडकी, ते दार असं आपण जन्मापासून म्हणत आलो आहोत. कुठल्या वस्तूला कुठलं लिंग हे अर्थात पाठच करावं लागतं, मराठीचं लिंग तिथे चालत नाही. पण वस्तूला लिंग असतं आणि ते वाक्यभर सांभाळायचं असतं, ही सवय मला शिकावी लागली नाही. मेडशेन, म्हणजे मुलगी, नपुंसकलिंगी असते हे ऐकून वर्ग हसला होता. लहानपण दाखवणारा प्रत्यय लागला की जर्मन नाम नपुंसकलिंगी होतं. आमच्याकडे जुन्नरला ते पोरगं, ते लेकरू, ते कोकरू, ते वासरू असंच म्हणतात. मला त्यात हसण्यासारखं काही दिसलं नाही.

खरा अवघड घाट पुढे होता: विशेषणं. इंग्रजीत विशेषण कधी बदलत नाही. जर्मनमध्ये ते लिंगाप्रमाणे, वचनाप्रमाणे, विभक्तीप्रमाणे बदलतं, आणि पुस्तकात त्याचे तक्तेच्या तक्ते दिलेले असतात. वर्गातली हुशार मुलंही त्या तक्त्यांपुढे थांबली. त्या संध्याकाळी शिकवणाऱ्या बाईंनी खडू हातात घेऊन फळ्यावर मराठीत लिहिलं: चांगला माणूस, चांगली बाई, चांगलं मूल. त्याखाली जर्मन: आइन गूटर मान, आइनं गूटं फ्राउ, आइन गूटेस किंट. मग पुढची ओळ: चांगल्या माणसाला, चांगल्या बाईला, चांगल्या मुलाला. त्याखाली: डेम गूटेन मान, डेर गूटेन फ्राउ, डेम गूटेन किंट.

मराठीत नामाला विभक्ती लागली की विशेषणाचे तीन वेगळे चेहरे जाऊन एकच उरतो: चांगल्या. जर्मनमध्ये चतुर्थीत तसाच एक उरतो: गूटेन. मी वहीत ते उतरवून घेतलं आणि बाकीच्या तक्त्याकडे पाहिलं. अर्ध्याहून अधिक रकान्यांत गूटेनच होतं. घरी जाताना बसमध्ये मी तो तक्ता पुन्हा मांडला, या वेळी मराठीच्या बाजूने. जिथे आपण "चांगल्या" म्हणतो तिथे बहुधा "-एन" येतो, अशी एक ढोबळ वाट मला सापडली. तिला अपवाद आहेत. पण पाठांतराचं ओझं तिने निम्म्यावर आणलं.

त्याच तासाला बाईंनी आणखी एक गोष्ट दाखवली. मला थंडी वाजते, मला हे आवडतं, मला वाईट वाटतं. या तिन्ही वाक्यांत मराठी माणूस "मी" म्हणत नाही, "मला" म्हणतो. जर्मनही तिथे चतुर्थीच वापरते: मीर इस्ट काल्ट, मीर गेफेल्ट डास, एस टूट मीर लाइट. इंग्रजीत या ठिकाणी कर्ता पुढे येतो, म्हणून इंग्रजीवरून जर्मनकडे जाणारा हमखास अडतो. वर्गातल्या निवृत्त अधिकाऱ्यांनी मागे वळून माझ्याकडे पाहिलं आणि म्हणाले, "म्हणजे आपलं निम्मं झालेलंच आहे की हो." ते जरा जास्तच आशावादी होते, पण चूक नव्हते.

मराठी जिथे दगा देते तेही सांगायला हवं, नाहीतर हे नुसतं कौतुक होईल. आपली द्वितीया आणि चतुर्थी यांचे प्रत्यय एकच आहेत: स, ला, ते. "मुलाला पाहिलं" आणि "मुलाला दिलं" या दोन्हींत "मुलाला"च येतं. जर्मन तिथे फरक करते, आणि तो मराठी कानाला ऐकू येत नाही. त्या वेळी मला आठवीपासून तीन वर्षं शिकलेलं संस्कृत उपयोगी पडलं. बालकं पश्यति, बालकाय यच्छति. ज्याच्यावर क्रिया घडते ते कर्म, ज्याला द्यायचं ते संप्रदान. शाळेत हे शब्द परीक्षेपुरते वाटले होते. शिवाय मुख्य वाक्यात क्रियापद दुसऱ्या जागी ठेवण्याचा जर्मनचा नियम आपल्याला पूर्ण नवा आहे. उपसर्ग तोडून वाक्याच्या शेवटी टाकणारी क्रियापदंही नवी. "मध्ये" या एकाच अर्थाच्या शब्दानंतर, स्थिर असेल तर चतुर्थी आणि आत जात असेल तर द्वितीया, हा भेद तर महिनोन्महिने सरावाने बसतो. ओठ गोल करून "ई" म्हणायचा तो स्वर मला आजही जाणीवपूर्वक काढावा लागतो. उलट ज्या "त्स" उच्चारासाठी इतर राज्यांतली मुलं झगडतात तो आपण चमचा आणि चाक म्हणताना रोज काढतो.

आणि गौण वाक्यात क्रियापद शेवटी जातं. "मी आजारी आहे म्हणून" यात "आहे" जसं मागे येतं तसं जर्मन "बिन" मागे येतं. वाक्य संपेपर्यंत क्रियापदाची वाट पाहणं इंग्रजी वाचकाला जड जातं. आपण आयुष्यभर तेच करत आलो आहोत.

या सगळ्याचा कामावर पहिला उपयोग झाला तो पावसाळ्यातल्या एका दुसऱ्या शिफ्टला. विजेचा झटका बसून ग्राइंडिंग मशीन बंद पडलं. वीज आली, कंट्रोल सुरू झाला, पण स्पिंडल फिरेना. पडद्यावर एक जर्मन ओळ होती. मुख्य पडदे इंग्रजीत होते, पण मशीन बनवणाऱ्याने स्वतः घातलेले संदेश जर्मनमध्येच राहिले होते. असं पुष्कळ मशीनवर असतं. मेंटेनन्सची मुलं हायड्रॉलिक खोलून बसली होती, कारण आदल्या महिन्यात बिघाड तिथेच निघाला होता. सुपरवायझरने मला बोलावलं. ओळ होती: श्पेरलुफ्टड्रुक त्सू नीडरिश.

तो लांबलचक शब्द मला माहीत नव्हता. पण जर्मन जोडशब्द आपल्या तत्पुरुष समासासारखा सोडवायचा असतो, शेवटून. शेवटचं पद मुख्य, आणि सगळ्या शब्दाचं लिंगही त्याचंच. राजकन्या स्त्रीलिंगी आणि देवघर नपुंसकलिंगी का, याचं उत्तर तिथेही तेच. शेवटी ड्रुक, म्हणजे दाब. त्याआधी लुफ्ट, म्हणजे हवा. दाब हवेचा, तेलाचा नव्हे. त्सू नीडरिश, म्हणजे फार कमी. पहिलं पद अडवण्याशी संबंधित आहे इतकं कळत होतं. स्पिंडलच्या बेअरिंगमध्ये कूलंट आणि धूळ शिरू नये म्हणून तिथे सतत हवा सोडलेली असते. तिचा दाब कमी झाला की मशीन स्पिंडल फिरू देत नाही. मी म्हटलं, "दादा, ऑइल सोडा, एअर लाइन बघा." फिल्टरच्या वाटीत पावसाळी हवेचं पाणी भरलं होतं. ते काढलं, दाब वर आला, ओळ गेली. फिटर वयाने माझ्याहून बराच मोठा. त्याने माझ्याकडून तो शब्द सुटा सुटा करून कागदावर लिहून घेतला आणि पॅनेलच्या दाराला आतून चिकटवला.

पुढे त्याच मशीनच्या कंपनीचा फिटर जर्मनीहून दुरुस्तीला आला. जर्मनीतल्या यंत्रनिर्मितीचा मोठा भाग श्टुटगार्टच्या आसपास, बाडेन-व्युर्टेम्बेर्गमध्ये आहे, आणि तिथली बोली श्वाबिश. वर्गात शिकलेली जर्मन घेऊन मी त्याच्यासमोर उभा राहिलो आणि पहिल्या दिवशी त्याचं निम्मंच समजलं. इश हाबंच्या जागी इ हान, निश्टच्या जागी नेट. पुस्तकी मराठी शिकून कुणी माणदेशात उतरला तर त्याचं जे होईल तेच. तो मात्र माझ्याशी बोलताना मुद्दाम सावकाश बोलू लागला. मी त्याला आदरार्थी "झी" म्हणत होतो. तिसऱ्या दिवशी त्याने स्वतःहून "डू"वर यायला सांगितलं. थोरल्याने "अरे-तुरे म्हण" असं म्हटल्याशिवाय धाकट्याने म्हणायचं नसतं, हे मला कुणी शिकवायची गरज नव्हती.

आकड्यांचं एक सांगतो, कारण आमच्या कामात त्याने पैसे वाचतात. जर्मनमध्ये एकक आधी बोलतात, दशक नंतर: सात आणि ऐंशी. फोनवरून मापं घेताना इंग्रजीची सवय असलेला माणूस 87 चे 78 करून ठेवतो. सत्याऐंशी म्हणणाऱ्याच्या हातून तसं होत नाही, आधी सात ऐकायची त्याला सवयच असते. हाल्ब ड्राय म्हणजे अडीच, साडेतीन नव्हे. दशांशासाठी जर्मन लोक स्वल्पविराम वापरतात आणि हजारांसाठी बिंदू, म्हणून त्यांच्या कागदावरचं 1.250 हे साडेबाराशे असू शकतं. हे शेवटचं मराठीतूनही कळत नाही. ते पाठच करायचं, आणि शंका आली की विचारायचं.

प्रमाणपत्रानंतर मी पदविका केली, गोएथे इन्स्टिट्यूटची बी-वन परीक्षा दिली. कामाचं स्वरूप बदललं, पगारही थोडा वाढला. पण ज्यासाठी लिहायला बसलो ते पुढचंच.

गेली काही वर्षं रविवारी सकाळी मी घरच्या हॉलमध्ये जर्मन शिकवतो. येणारे सगळे आजूबाजूचेच: आयटीआय झालेला लातूरचा फिटर, वायरमनचं काम करणारा एक मुलगा, थेरगावच्या रुग्णालयात काम करणारी जळगावची परिचारिका. फी घेत नाही, पण गृहपाठ केला नाही तर पुढच्या रविवारी येऊ देत नाही. पहिल्या दिवशी ती परिचारिका दारातच थांबून म्हणाली, "सर, माझं इंग्लिश बरं नाही, चालेल ना?" मी म्हटलं, "ताई, तुमची अहिराणी-मराठी बरी आहे ना? मग बसा." आमची पहिली चार पानं जर्मनची नसतात. चांगला, चांगली, चांगलं, चांगल्या, मी, मला, माझा, समासाचा विग्रह. शाळेत ज्या व्याकरणाचा या मुलांनी धसका घेतला होता, त्याचं आता काय काम आहे ते दिसलं की ती दुसऱ्या नजरेने त्याच्याकडे बघतात. दादोबा पांडुरंगांनी 1836 मध्ये मराठीचं व्याकरण छापलं, मोरो केशव दामल्यांनी 1911 मध्ये आपलं मोठं व्याकरण लिहिलं. इतकी तयार सामग्री जवळ असताना आपली मुलं जर्मनची विभक्ती इंग्रजी सर्वनामांवरून समजून घेण्याची धडपड करतात. क्लासेस बहुतेक इंग्रजीतून चालतात, पुस्तकंही तीच सहज मिळतात. मराठीतून समजावणारं पुस्तक शोधावं लागतं.

ही धडपड आता पुष्कळ मुलांच्या वाट्याला येणार आहे. फेब्रुवारी 2024 मध्ये महाराष्ट्र शासनाने बाडेन-व्युर्टेम्बेर्गशी कुशल मनुष्यबळाचा करार केला. परिचारिका, इलेक्ट्रिशियन, प्लंबर, वाहनचालक अशा कामांसाठी इथली माणसं तिकडे पाठवायची आणि त्याआधी त्यांना जर्मन शिकवायची, असा तो विचार आहे. यांतली पुष्कळ मुलं मराठी माध्यमातली असतील. त्यांना भाषा येण्यासाठी लागणारा काळ हा योजनेतला महागडा भाग आहे, आणि तो इंग्रजीच्या वळशाने लांबवण्याचं काहीच कारण नाही. दुसरीकडे, ए-वनचं प्रमाणपत्र हातात ठेवून नोकरीची हमी देणारे आणि लाखांत पैसे मागणारे लोक आमच्या पट्ट्यात फिरतात. ए-वन म्हणजे नाव-गाव सांगणं, बाजारहाट करणं, साधा अर्ज भरणं. परिचारिकेला नोंदणीसाठी साधारणपणे बी-टू लागतं, आणि तिथे पोचायला नियमित अभ्यासाचं दीड-दोन वर्षांचं काम आहे. जो याहून सोपं सांगतो त्याला पैसे देऊ नका.

जर्मन शिकवणाऱ्या प्राध्यापकांना, शिक्षकांना माझी विनंती आहे. मराठी व्याकरणावर उभं केलेलं, कारखान्यातले आणि रुग्णालयातले शब्द असलेलं एक चांगलं जर्मन पाठ्यपुस्तक आपण लिहावं. आयटीआयच्या मुलाला परवडेल अशा किमतीत ते छापावं. तोवर निदान विशेषणांच्या तासाला फळ्यावर मराठीची एक ओळ लिहावी. आणि पुनावळे, रावेत, ताथवडे, किवळे या बाजूला राहून कुणाला जर्मन सुरू करायची असेल, तर उन्हाळ्यानंतर निघणाऱ्या प्रमाणपत्र वर्गाच्या प्रवेशांवर लक्ष ठेवा, आठवीचं मराठी व्याकरणाचं पुस्तक घरात असेल तर ते काढून ठेवा, आणि इंग्रजी कच्चं आहे म्हणून थांबू नका.